श्रीयुत होल्डकर

होल्डकर हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. खरं आडनाव मी सांगणार नाही आणि सांगूनही उपयोग नाही. ज्याने म्हणून कधी जुनी रेकॉर्ड, फिल्मचा कॅमेरा, शाईचं पेन किंवा चावीचं घड्याळ विकायला काढलं असेल, त्याच्याकडे हे गृहस्थ निरनिराळ्या आडनावांनी येऊन गेलेले आहेत. 'माझ्यासाठी होल्ड करा' हे त्यांचं पालुपद. इंदूरच्या होळकरांनी माळव्यावर राज्य केलं. आमचे होल्डकर दुसऱ्यांच्या कपाटांवर राज्य करतात. खजिन्यातून एक रुपया न काढता एवढा मुलूख ताब्यात ठेवणारा दुसरा सरदार मराठ्यांच्या इतिहासात सापडायचा नाही.

माझ्याकडे कपाट आलं ते मामांचं. मामांनी उभा जन्म रेकॉर्डी जमवल्या. खालच्या खणांत लाखेच्या सेवेंटी-एट, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या आणि तीनेक मिनिटांत बाजू संपवणाऱ्या. त्यांत बालगंधर्व, हिराबाई, मास्टर कृष्णराव. वरच्या खणांत एलपी. कोपऱ्यात भोंग्यासमोर बसलेल्या कुत्र्याचं चित्र असलेली सुयांची पत्र्याची डबी, आणि सगळ्यांत मागे, आल्यागेल्याला दिसू नये अशी, 'शोले'च्या संवादांची रेकॉर्ड. मामांचा जीव गंधर्वांत आणि मामींचा गब्बरमध्ये, आणि तरी संसार सुखाचा झाला. दोघांच्या पश्चात कपाट आमच्या फ्लॅटमध्ये आलं. 'घरात एक तर हे राहील किंवा आपण,' हे बायकोने सौम्य शब्दांत मांडल्यावर मी रेकॉर्डी विकायचं ठरवलं, यादी केली, पुढे किमती लिहिल्या आणि ओळखीच्या शौकिनांना पाठवून दिली.

त्याच रात्री पावणेबाराला होल्डकरांचा मेसेज आला. 'आहे?'

कर्ता नाही, कर्म नाही, नमस्कार नाही. यादीत दोनशेवर नावं. मी विचारलं, कोणती? उत्तर दुसऱ्या दिवशी दुपारी. 'किशोरीताई. भूप-बागेश्री. लास्ट किती?'

किंमत यादीत होती. पण लिहिलेली किंमत होल्डकर वाचत नाहीत. ती त्यांच्या लेखी प्रस्तावना असते, आणि प्रस्तावना कोण वाचतं? '१,८०० रुपये,' मी पुन्हा लिहिलं. 'कुरिअर धरून?' 'कुरिअर वेगळं.' 'बरं. मोनो की स्टिरिओ?' एचएमव्हीच्या शास्त्रीय एलपीवर नंबराआधी ईसीएलपी असेल तर मोनो, ईसीएसडी असेल तर स्टिरिओ. मी तो नंबर यादीत लिहिला होता आणि त्याचा अर्थ होल्डकरांना माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता. ते माझी परीक्षा घेत होते. मी पास झालो आणि फोटोंचं पर्व सुरू झालं.

पुढचं कव्हर. मागचं कव्हर. कव्हरचे चारी कोपरे, एकेक. कव्हरची कड, जिथे बारीक अक्षरांत नाव असतं ती. दोन्ही लेबलं, 'डमडम' हे अक्षर वाचता येईल अशी. रेकॉर्ड खिडकीशी तिरपी धरून, मग ट्यूबलाइटखाली तिरपी धरून. लेबलाभोवतीच्या गुळगुळीत पट्टीवर कोरलेला नंबर, शक्य तर भिंगातून. शेवटी मधल्या भोकाचा फोटो. भोकाचा कशाला, असं मी विचारलं तर म्हणाले, 'साहेब, खुंटीवर ठेवताना हात चुकला की भोकाभोवती लेबलावर ओरखडे उठतात. ते मोजले की रेकॉर्ड किती वाजलीय याचा अंदाज येतो.' भोकालाही इतिहास असतो हे मला तेव्हा कळलं.

मग म्हणाले, 'आता जरा वाजवून दाखवता का?'

रविवारी सकाळी मी प्लेअरशेजारी स्टूल ठेवलं, स्टुलावर फोन ठेवला, स्पीकर चालू केला आणि सुई टेकवली. भूप सुरू झाला. पलीकडून 'आहा' आलं. मला वाटलं, दोन मिनिटं ऐकतील, खरखर किती आहे ते बघतील आणि पुरे म्हणतील. पाच मिनिटं झाली, दहा झाली. मध्ये मी हळूच 'हॅलो' म्हटलं तर 'शूऽऽ' असा आवाज आला. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली. 'ते जरा बंद करता येईल का?' होल्डकरांनी अत्यंत मृदू आवाजात विचारलं. बायकोने गॅस बंद केला. वरणभात त्या दिवशी दीडला झाला. भूप संपला. मी फोन उचलायला गेलो तेवढ्यात आज्ञा झाली, 'बी साइड.' बागेश्रीही शेवटच्या स्वरापर्यंत झाली. सुई आतल्या खाचेत टकटक करत राहिली. पलीकडे शांतता. मला वाटलं फोन कट झाला. मग भरल्या गळ्याने, 'साहेब, तोड नाही.' आणि लगेच कोरड्या गळ्याने, 'पण सुरुवातीला थोडी खरखर आहे. दीड हजार करा.'

सोळाशेवर ठरलं. 'ठरलं म्हणजे ठरलं! माझ्या नावावर ठेवा,' होल्डकर म्हणाले. आठवड्याभराने त्यांच्याकडून 'शुभ सकाळ' लिहिलेली जास्वंदीची फुलं आली. सोबत एक ध्वनिफीत. ती लावली तर माझ्याच घरातला भूप, माझ्याच कुकरच्या शिट्टीसकट.

हे ठरलं भाद्रपदात. पौर्णिमा उलटली आणि पितृपक्ष लागला. 'पक्षात नवी वस्तू घरात आणलेली आईला चालत नाही,' होल्डकरांनी कळवलं. मी म्हटलं, रेकॉर्ड नवी कुठे आहे, चांगली जुनी आहे. 'पण आमच्या घरात नवीनच ना?' हा तर्क खोडता येत नाही. मी प्रयत्न केला. दसऱ्याला मुहूर्तावर नेतो म्हणाले आणि दसऱ्याला सोनं दिलं, म्हणजे आपट्याच्या पानांचं चित्र पाठवलं. दिवाळीत बोनस होणार होता. तो झाला आणि पाडव्याला वहिनींच्या पाटल्यांत गेला. मग भाच्याचं लग्न, मग घराचा रंग, मग मार्चअखेर. गुढीपाडव्याला 'नव्या वर्षात पहिलं काम तुमचं' असं आलं. अक्षय्य तृतीयेला कारणसुद्धा आलं नाही, नुसते जोडलेले हात आले. साडेतीनही मुहूर्त संपले. अधिक मास त्या वर्षी नव्हता, नाहीतर तोही त्यांच्या कामी आला असता.

मात्र दर पंधरवड्याला चौकशी चुकली नाही. 'आहे ना माझी?' नीट वाचा, माझी. 'उभीच ठेवलीय ना? आडव्या एकावर एक रचू नका, वाकते.' 'ते कपाट पश्चिमेच्या भिंतीला नाही ना? उन्हाळा आहे.' इतक्या मायेने कुणी माझ्या तब्येतीची विचारपूस केलेली मला आठवत नाही.

एकदा तर ते स्वतः आले. पन्नाशीचे, शर्टाच्या खिशाला दोन पेनं, आणि खांद्याला एक कापडी पिशवी. पिशवी बारा इंची रेकॉर्ड बरोबर मावेल अशा मापाने शिवलेली होती. ती पाहून मला फार आशा वाटली. त्यांनी हात धुतले, पुसले, मग रेकॉर्ड कव्हरमधून काढली, दोन्ही तळव्यांच्या कडांत धरून, एकही बोट खाचांना न लावता. ते पाहणं हे एक सुख होतं. पुढचे दोन-तीन तास ते बोलले आणि मी ऐकलं. रमणबागेत सवाई गंधर्वची रात्र कशी सरायची, पहाटेच्या थंडीत तंबोरे जुळवताना मांडवात कशी शांतता पसरायची. मग तांत्रिक भाग. 'सेवेंटी-एटला चुकूनही स्पिरिट लावू नका हं. लाख आहे ती. सुताराच्या पॉलिशमध्ये काय असतं? लाख आणि स्पिरिट. पुसायला जाल आणि पॉलिश होऊन बसेल. एलपीला चालतं, ती प्लास्टिकची.' एलपीची सुई सेवेंटी-एटवर टेकवू नये, कारण जुनी खाच रुंद असते आणि बारीक सुई तिच्या तळाशी घासत जाते. पार्सल करताना रेकॉर्ड कव्हरमध्ये ठेवून कधी पाठवू नये. कुरिअरवाल्याने आपटलं की रेकॉर्डची धार कव्हरची शिवण फाडून बाहेर येते. आतल्या कागदी पाकिटासह ती बाहेर काढायची, कव्हराला लागून ठेवायची, दोन्हीकडून पुठ्ठे, पुठ्ठ्यांच्या रेषा एकमेकींना आडव्या. 'माझी पाठवाल ना, तेव्हा अशीच करा.'

माझी पाठवाल तेव्हा! ते समोर बसलेले, रेकॉर्ड त्यांच्या मांडीवर, पिशवी खांद्याला, आणि पाठवायची ती कुरिअरने. पण पॅकिंगचं त्यांनी सांगितलेलं सगळं खरं निघालं. पुढे 'शोले' नाशिकला गेली ती त्यांच्याच पद्धतीने आणि कव्हराला चरासुद्धा न पडता पोचली. होल्डकर अडाणी नाहीत, हे मुद्दाम सांगायला हवं. अडाणी माणसं रेकॉर्डी विकत घेतात.

उठताना म्हणाले, 'आठवड्यात पाठवतो पैसे.' पिशवी रिकामी जाऊ नये म्हणून बायकोने गावाकडून आलेल्या शेवग्याच्या शेंगा तीत घातल्या. त्या लांब असल्यामुळे पिशवीतून वर डोकावत होत्या. दार लावल्यावर ती म्हणाली, 'अहो, काय घेतलं मग त्यांनी?'

'दोनदा चहा.'

'शेंगा धरा.'

होल्डकर असे का वागतात? कंजूष म्हणावं, तर येण्याजाण्याच्या रिक्षात त्यांनी माझ्यादेखत पाचशेची नोट मोडली होती. फसवे म्हणावं, तर त्यांनी माझं काही नेलं नाही, शेंगा सोडून, आणि त्या आम्ही दिल्या. मला वाटतं, वस्तू मिळण्यापेक्षा मिळणार असण्यात त्यांचा जीव रमतो. घरी आलेली रेकॉर्ड कपाटात जाते, तिच्यावर धूळ बसते, बायको विचारते कितीला आणली. दुसऱ्याच्या घरी नावावर ठेवलेली रेकॉर्ड सदैव ताजी असते. तिला जागा लागत नाही, पैसे लागत नाहीत, धूळ दुसरा पुसतो. अशा किती रेकॉर्डी, किती कॅमेरे, किती पेनं पुण्यामुंबईत त्यांच्या नावावर पडून असतील, देव जाणे. या हिशोबाने होल्डकर महाराष्ट्रातले एक मोठे संग्राहक ठरतील.

बैलबाजारात हे चालत नाही. तिथे घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हात घालून बोटं दाबतात, चारचौघांत आकडा उच्चारत नाहीत, पण रुमाल बाजूला झाला की इसार हातावर पडतो. इसार दिला की बैल त्याचा. फिरला तर इसार गेला. जमिनीच्या व्यवहारात आजही इसारपावती होते. शिकल्यासवरल्या, भूप-बागेश्रीवर डोळे मिटणाऱ्या माणसाकडे इसार मागायला मात्र आपल्याला संकोच वाटतो. मी मागून पाहिला. 'साहेब,' होल्डकर दुखावल्या आवाजात म्हणाले, 'शौकिनांत कसला इसार? शब्द दिलाय मी.' शब्द त्यांनी खरंच दिला होता. तो एकच त्यांनी वेळेवर दिला.

त्यांच्या या खेळात होल्डकरांचं काही जात नाही आणि माझं फार जात नाही. जातं तिसऱ्याचं. त्या हिवाळ्यात मिरजेच्या एका मुलाने लिहिलं होतं. सतार शिकतो, जुना प्लेअर दुरुस्त करून घेतलाय, किशोरीताईंची ती एलपी हवी आहे. पूर्ण वाक्यं, शुद्ध लेखन, 'लास्ट किती' नाही. शेवटी, 'काका, पैसे आजच पाठवू का?' मी कळवलं, दिली आहे. शब्द माझाही होताच ना. 'बरं काका. त्यांचं काही कारणाने रद्द झालं तर मला सांगाल?' अक्षय्य तृतीयेनंतर मी त्याला फोन केला, तर त्याला कोल्हापुरात दुसरी प्रत मिळाली होती, माझ्यापेक्षा महाग आणि कव्हराविना. हे मी होल्डकरांना जरा रागानेच सांगितलं. 'अरे वा,' ते म्हणाले, 'म्हणजे आता घाई नाही!'

होल्डकरांचे चुलतभाऊही पुष्कळ आहेत. एक जण 'ट्रायल म्हणून' एक रुपया पाठवतो आणि अंतर्धान पावतो. एक जण खरंच घेतो, चार दिवस ठेवतो, सगळं टेप करतो आणि 'बी साइडला टिक येते' म्हणून परत पाठवतो. आणि एक मात्र या घराण्यातला नव्हेच, तो निव्वळ चोर. तो किंमत ऐकताक्षणी कबूल करतो, आपण लष्करात आहोत, सीमेवर आहोत, माणूस पाठवून माल नेऊ असं सांगतो आणि मोबाइलवर चौकोनी कोड पाठवतो. 'हा स्कॅन करा, पिन टाका, पैसे तुमच्या खात्यात येतील.' पैसे यायला पिन कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात. हा गडी माझ्याकडेही आला होता. मला त्याचा संशय आला तो होल्डकरांच्या पुण्याईने. ज्याने मोनो की स्टिरिओ विचारलं नाही, भोकाचा फोटो मागितला नाही आणि दोन रुपयेसुद्धा कमी करा म्हटलं नाही, तो गिऱ्हाईक असूच शकत नाही.

गेल्या महिन्यात एक चमत्कार घडला. होल्डकरांनी स्वतःच्या काही रेकॉर्डी विकायला काढल्या. यादी मलाही आली. वर ठळक अक्षरांत अटी होत्या. पूर्ण रक्कम आगाऊ. भाव होणार नाही. वाजवून दाखवलं जाणार नाही. कोणतीही रेकॉर्ड कुणासाठीही राखून ठेवली जाणार नाही. वेळ घालवणाऱ्यांनी कृपया संपर्क साधू नये. माझ्याशी भाव करताना 'आता रेकॉर्ड ऐकतो कोण साहेब, तुम्ही-आम्ही दोघंच' म्हणणाऱ्या या गृहस्थांनी तळटीप दिली होती की अमेरिकेत २०२२ साली सीडींपेक्षा एलपी जास्त खपल्या, तरी किमती त्या मानाने वाजवी समजाव्यात. मी यादी वाचत खाली आलो. मध्येच ओळ होती. किशोरी आमोणकर, भूप-बागेश्री, स्टिरिओ, २,५०० रुपये.

मी फोन केला. 'होल्डकर, तुमच्याकडे ही होती?'

'आहे ना! कॉलेजात असल्यापासून आहे.'

'मग माझी कशाला अडवून ठेवलीत?'

'तुमचं कव्हर चांगलं आहे साहेब,' ते मोकळेपणाने म्हणाले. 'माझी गेली की तुमची नेतोच. ठेवलीय ना?'

नाही ठेवलेली. मामांच्या कपाटातल्या बऱ्याचशा रेकॉर्डी गेल्या, बालगंधर्व चांगल्या घरी पडले, हिराबाईही. किशोरीताईंची एलपी आहे. किंमत १,८०० रुपये, कुरिअर वेगळं, पॅकिंग होल्डकर पद्धतीचं. वाजवून दाखवीन, पण एकच बाजू, आणि कुकर बंद होणार नाही. मोनो की स्टिरिओ ते यादीत लिहिलं आहे. तुम्हाला हवी असेल तर अवश्य कळवा. अधिक मास असो की पितृपक्ष, मला कुठलाही दिवस चालतो. इसार ५०० रुपये, आधी.